नुसतें ‘होय’

माझा पुतण्या वैमानिकाचें शिक्षण घेऊं लागल्यापासून त्याला एक विलक्षण खोड जडली आहे. वहिनींनीं “येतांना कोथिंबीर आण” म्हटलें, तर तो “होय” म्हणत नाहीं. “येतांना कोथिंबीर आणतों” असें सबंध वाक्य परत म्हणतो. मुलें हंसतात. मीहि हंसत असें.

विमानतळावर ही खोड नव्हे, नियम आहे, असें तो सांगतो. धांवपट्टीबाहेर थांबण्याची, ती ओलांडण्याची वा तीवरून उडण्याची, मनोऱ्यांतून आलेली प्रत्येक सूचना वैमानिकाला उच्चारून दाखवावी लागते. ‘लाइन अप अँड वेट’ म्हणजे धांवपट्टीवर येऊन उभा राहा. पण उडूं नकोस! आणि ‘टेकऑफ’ हा शब्द तर उड्डाणाची परवानगी देतांना किंवा ती रद्द करतांनाच उच्चारावयाचा, एरव्हीं ‘डिपार्चर’. आमच्या आजीच्या सोंवळ्यालाहि इतके बारकावे नव्हते.

या सोंवळ्यामागें मोठी किंमत आहे. २७ मार्च १९७७ रोजीं टेनेरिफ बेटावर दाट धुक्यांत एकाच धांवपट्टीवर दोन जंबो विमानें होतीं. डच विमानाला उड्डाणानंतरच्या मार्गाची सूचना मिळाली; उड्डाणाची परवानगी नव्हे. सहवैमानिकानें ती परत म्हटली आणि ‘आम्ही आतां टेकऑफला आहोंत’ अशा अर्थाचें कांहीं जोडलें. विमान तोंवर धांवूं लागलेंहि होतें. मनोऱ्यांतून उत्तर आलें, “ओके”. पुढें थांबावयास सांगितलें होतें. पण त्याच क्षणीं अमेरिकन विमान आपण अद्याप धांवपट्टीवरच असल्याचें सांगूं लागलें, आणि दोन्ही आवाज कर्कश शिट्टींत बुडाले. ‘ओके’ तेवढें स्पष्ट पोंचलें. ५८३ माणसें गेलीं.

हें ऐकतांना मला गेल्या पावसाळ्यांतील एक रात्र आठवली. वहिनींनीं माजघरांतून विचारलें, “भाऊजी, आईंचें औषध...” पुढचें भांड्यांच्या आवाजांत गेलें. मला वाटलें, “द्याल ना?” वर्तमानपत्रांतून मान वर न करतां मीं “होय” म्हटलें. त्यांनीं विचारलें होतें, “दिलेंत ना?” पहाटे तीनला आईचा दमा उसळला. डॉक्टर येईपर्यंतचा तो अर्धा तास आमच्यापैकीं कोणी विसरलेलें नाहीं.

आई आतां बरी आहे. काल रात्रीं वहिनींनीं पुन्हां औषधाचें विचारलें. मीं वर्तमानपत्र खालीं ठेवलें व मोठ्यानें म्हणालों, “आईचें औषध अजून दिलेलें नाहीं, आतां देतों.”

माजघरांतलीं भांडीं क्षणभर थांबलीं. पुतण्या मात्र हंसला नाहीं.