आर्नोकाठची छत्री

कोल्हापुरांत ज्याचें बाळपण गेलें त्याला पंचगंगेचा घाट निराळा सांगावा लागत नाहीं. पहांटे वडिलांबरोबर स्नानास जातांना राजघराण्यांतील समाध्या व देवळें अंधुक उजेडांत उभीं दिसत. एके दिवशीं ओलें धोतर पिळतां पिळतां वडील म्हणाले, "यांच्यांतल्या एका महाराजांची छत्री येथें नाहीं. ती समुद्रापलीकडे आहे, दुसऱ्याच नदीच्या काठीं." मी तेव्हां आठ-नऊ वर्षांचा असेन. समुद्रापलीकडे नद्या असतात हेंच मला नवल वाटलें होतें.

ती छत्री पाहण्याचा योग साठी उलटून गेल्यावर, इ. स. २०२३ च्या आश्विनांत आला. तो ज्या कारणानें आला तें कारण न येतें तर बरें होतें.

माझा धाकटा मुलगा म्यूनिक शहरीं नोकरीस होता. २०२१ च्या मे महिन्यांत त्या महामारीनें तो तेथें गेला. मी स्वतः त्याच दिवसांत येथील एका इस्पितळांत प्राणवायूची नळी लावून पडलों होतों. मंडळींनीं ती वार्ता माझ्यापासून लपविली, आणि घरीं आल्यावर सोळाव्या दिवशीं सांगितली. जन्मभर मुलांना संस्कृत शिकविलें, पण त्या दिवशीं हातांत कोणता ग्रंथ घेतला असेल तर धर्मसिंधु. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनीं तो अठराव्या शतकाच्या अखेरीस रचला. दशाहानंतर व तीन महिन्यांच्या आंत वार्ता कळल्यास सुतक त्रिरात्र. चौतीस वर्षांच्या मुलाचें सुतक तीन रात्रींचें! शास्त्रकारांस दोष देत नाहीं. दूर देशींची वार्ता पायीं येत होती त्या काळाची ती सोय आहे. परंतु चौथ्या दिवशीं सकाळीं शुद्ध होऊन देवपूजेस बसलों तेव्हां हात उचलेना, एवढें खरें.

याहून मोठें शल्य दुसरेंच होतें. तेथील त्या वेळच्या कायद्याप्रमाणें अस्थिकलश घरीं नेतां येत नव्हता. तो दफनभूमींतच ठेवावा लागे. परदेशीं पाठविण्यास मुभा होती, परंतु त्या महिन्यांत विमानें कोठलीं आणि कचेऱ्या कोठल्या? सूनबाईंनीं कलश तेथेंच भूमींत ठेवला. माझ्या मुलाच्या अस्थि पंचगंगेस मिळाल्या नाहींत, आणि त्याला अग्नि दिला तेव्हां मंत्र कोणी म्हटले, म्हटले कीं नाहीं, हें मला ठाऊक नव्हतें. दोन वर्षें दर रविवारीं फोनवर सूनबाईंशीं बोलत होतों. नातवाची शाळा, तेथील थंडी, हिचे गुडघे, सर्व कांहीं बोलून होई. हा एक प्रश्न तेवढा ओठाशीं येऊन परत जाई. त्या प्रश्नाच्या पोटांत एक आरोप दडलेला होता आणि तो तिला ऐकूं येईल हें मी जाणून होतों.

म्यूनिक शहराविषयीं फारसें लिहीत नाहीं. भूर्जवृक्षाखालीं एक लहान दगड, त्यावर माझें नांव मधें घालून मुलाचें नांव. दगडाशीं सूनबाईंनीं मातीच्या कुंडींत तुळस ठेवली होती; हिवाळ्यांत ती जगत नाहीं म्हणून दरवर्षीं नवी लावते म्हणाली. मी तेथें उभा राहिलों आणि कांहींएक सुचेना. तिसऱ्या दिवशीं तीच म्हणाली, "बाबा, नातवाला सुटी आहे. ते तुम्हांला फ्लॉरेन्सची ती छत्री दाखवणार होते ना? आपण जाऊं." मुलानें मला तसें वचन दिलें होतें हें तिला ठाऊक आहे, याचीच मला कल्पना नव्हती.

म्यूनिकहून आगगाडी आल्प्स पर्वतांतील ब्रेनर खिंडींतून इटलींत उतरते. बोलोन्यास गाडी बदलून संध्याकाळीं फ्लॉरेन्स गांठलें. त्या नगरींतील चित्रें, देवालयाचा तो प्रचंड घुमट, यांचीं वर्णनें वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील आणि तीं करण्यास माझ्याहून अधिकारी लेखक आहेत. दुसऱ्या दिवशीं आम्ही ट्रामनें कॅशिने नांवाच्या उपवनाशीं उतरलों आणि आर्नो नदीच्या उजव्या तीरानें पश्चिमेकडे चालूं लागलों. नातू पुढें, मी मागें, हातांत काठी. उपवन कोसभराहून लांब. जों जों पुढें जावें तों तों माणसें विरळ होत जातात. अगदीं शेवटीं, जेथें मुन्योने नांवाचा एक लहानसा ओढा आर्नोस मिळतो, तेथें ती छत्री आहे.

छत्रीखालीं अर्धपुतळा आहे तो कोल्हापूरचे छत्रपति राजाराम महाराज यांचा. यांचा जन्म १८५० सालचा. मूळचे पाटणकर घराण्यांतले, १८६६ मध्यें दत्तक आले. समुद्रगमन निषिद्ध मानण्याचा तो काळ. तरी १८७० सालीं ते विलायतेस गेले. तेथें जें जें पाहिलें त्याची रोजनिशी त्यांनीं इंग्रजींत लिहून ठेवली. कॅप्टन वेस्ट यांनीं ती १८७२ सालीं लंडनमध्यें छापून काढली, परंतु ती छापलेली पाहण्यास लेखक नव्हते. परत येतांना वाटेंत ३० नोव्हेंबर १८७० रोजीं याच फ्लॉरेन्स शहरीं त्यांचा अंत झाला. वय अवघें वीस. फ्लॉरेन्स ही त्या वेळीं इटलीची राजधानी होती. दहनाची तेथें चाल नव्हती. अधिकाऱ्यांकडून खास परवानगी मिळवावी लागली. आणि बरोबरच्या मंडळींनीं जागा कोणती मागितली? दोन प्रवाहांचा संगम. परक्या मुलखांत, भाषा येत नसतां, राजा गेलेला. अशा रात्रीं ज्यांना संगम शोधण्याचें सुचलें त्या माणसांचीं नांवें आज कोणाच्या तोंडीं नाहींत. मला मात्र पुतळ्यापेक्षां त्यांचीच आठवण अधिक झाली. आमच्याकडे प्रयाग चिखलीचा संगम आहे. त्यांच्या डोळ्यांपुढें तोच असला पाहिजे.

छत्री १८७४ सालीं उभारली गेली. शिल्पज्ञ मेजर मॅंट. पुढें कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्यांनीं आंखला तेच हे. पुतळा फुलर नामक इंग्रज शिल्पकारानें घडविला. चबुतऱ्यावर चार भाषांत लेख आहेत. समोर आर्नोवरून तारांनीं तोललेला एक प्रचंड पूल गेला आहे, १९७८ सालीं वाहतुकीस खुला झालेला. त्याचेंही नांव या छत्रीवरूनच पडलें. तेथील लोक पुतळ्यास नुसतें 'इंदियानो', म्हणजे हिंदी माणूस, म्हणतात. पुलावरून मोटारींचा घोष अखंड चालूं असतो. ज्याला घरच्या घाटावर जागा मिळाली नाहीं, त्याच्या नांवानें परक्या गांवचे लोक दररोज एकमेकांस वाट सांगतात, ही गोष्ट मी कितीतरी वेळ मनांत घोळवीत बसलों.

सूनबाई शेजारीं बांकावर बसली होती. मीं नदीकडे पाहत विचारलें, "त्या दिवशीं मंत्र कोणी म्हटले होते का ग?"

ती लगेच बोलली नाहीं. मग म्हणाली, "नाहीं बाबा. आंत मोजक्याच माणसांना सोडीत होते. भटजी कोणी मिळाले नाहींत. तुम्हांला फोन करून विचारावें म्हटलें, तर तुम्हीच इस्पितळांत. मला मंत्र येत नव्हते. हे रोज संध्याकाळीं याच्याकडून शुभंकरोति म्हणवून घेत. आम्हां दोघांना मिळून तेवढेंच येत होतें. आम्हीं तें म्हटलें. याचा मधेंच एक शब्द चुकला, तो यानें पुन्हां पहिल्यापासून म्हटलें."

"चुकलें होतें?" मीं विचारलें.

"हो. हे चुकलेलें चालूं देत नसत."

तें चालूं न देणें त्याला कोणाकडून मिळालें होतें हें सांगावयास नको. आमच्या माजघरांत, दिवेलागणीस, याच एका बाबतींत मीं त्या मुलाला पुष्कळदां रडविलें आहे. पांच वर्षांचें पोर बापाच्या चितेसमोर थांबून पुन्हां आरंभापासून म्हणतें, ही माझ्या घरची रीत. आणि दोन वर्षें मी येथें धर्मसिंधूचीं पानें चाळीत बसलों होतों! सूनबाईंना मीं हात जोडले. तिनें ते धरून खालीं केले, आणि "बाबा, असें नका करूं" एवढेंच म्हणाली.

मीं घरून तीळ आणले होते, आणि पंचगंगेच्या पाण्याची एक लहान बाटली. तर्पणांत पुत्राचें नांव येतें. तें इतकीं वर्षें पाठ असून उच्चारण्याचा प्रसंग आला नव्हता. काठ उंच आहे, पाण्यापर्यंत उतरतांना काठी नातवानें धरली. प्रथम मुलाच्या नांवानें पाणी सोडलें, मग राजाराम महाराजांच्या. माझा त्यांचा गोत्राचा संबंध नाहीं. गांवचा आहे, तेवढा पुरे असें वाटलें. बाटलींतलें शेवटचें पाणी संगमांत ओतलें. शास्त्रास हें सर्व कितपत संमत आहे याचा निर्णय विद्वान् वाचकांनीं करावा. मीं ग्रंथ उघडून पाहिलेला नाहीं.

वर आलों तों नातू चबुतऱ्यापाशीं उभा राहून बोटानें अक्षरें चांचपीत होता. त्याला देवनागरी थोडी येते, बापानें शिकविलेली. "आजोबा, हें कोणतें अक्षर?" मीं चष्मा पुसला आणि खालीं वांकून पाहूं लागलों.