आत्याचं पोट

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आत्या इंदूरला आली, तेव्हा तिने फराळाला हातही लावला नाही. ‘दोन घास खाल्ले की पोट गच्च होतं गं,’ म्हणाली. आपल्याकडे पोटावर उपाय ठरलेले: ओवा, हिंग, आणि दोष सराफ्यातल्या खाण्याला. परकराची नाडी घट्ट होत होती, लघवीला सारखं जावं लागत होतं; ते वयावर ढकललं. डॉक्टरांनीही चार महिने अॅसिडिटीच्याच गोळ्या दिल्या. मग सोनोग्राफीत पोटात पाणी आणि अंडाशयावर गाठ दिसली.

‘अहो, पण माझी पॅप तपासणी चांगली आली होती,’ आत्या म्हणत राहिली. ती तपासणी गर्भाशयाच्या मुखाची. अंडाशयाबद्दल ती काहीच सांगत नाही, हे आमच्या अख्ख्या शिकलेल्या घरात कुणालाही माहीत नव्हतं. काहीच त्रास नसलेल्या बाईचा हा कॅन्सर वेळेत पकडणारी खात्रीची तपासणी आजही नाही. सीए-१२५ हे रक्तातलं प्रमाण इतर कारणांनीही वाढतं. म्हणून असा नवा त्रास दोन-तीन आठवडे जवळजवळ रोज होत असेल, तर ओवा बाजूला ठेवून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचं.

ऑपरेशन झालं, दर तीन आठवड्यांनी एक असे किमोचे सहा डोस झाले. केस गेल्यावर आत्या म्हणाली, ‘आता होळकरशाही पगडीच आणा.’

पुढे तिच्या रक्तात बीआरसीए-१ या जनुकातला दोष सापडला. मला वाटलं, हे आईकडून येतं, आत्याचा माझ्याशी काय संबंध? पण तो बापाकडूनही येतो. बाबा तपासणीला तयार नव्हते. ‘पुरुषांना कशाला?’ आत्याने दोन दिवस अबोला धरला, तेव्हा गेले. त्यांच्यातही दोष निघाला.

म्हणजे माझ्या वाट्याला तो येण्याची शक्यता निम्मी. हा कॅन्सर होण्याचा धोका एरवी जन्मभरात एक टक्क्याच्या आसपास. दोष असला तर चाळीस टक्के, कधी त्याहून जास्त. मुलंबाळं झाल्यावर, पस्तीस ते चाळीसच्या दरम्यान अंडाशय आणि बीजनलिका काढून टाकण्याचा सल्ला देतात. मी सत्तावीसची. आईला काळजी स्थळांची: ‘हे आधी सांगायचं की नंतर?’ मी म्हटलं, आधी. त्यावर दोघी रडलो.

मंगळवारी रक्त दिलं. आत्या सोबत आली होती, डोक्यावर बोटभर वाढलेले पांढरे केस घेऊन. रिपोर्टला तीन आठवडे लागतील. निघताना म्हणाली, ‘काहीही येवो, पहिला फोन मला. तुझ्या बापाला नंतर.’