भनपुरीची मास्तरीण

रायपूरहून बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्याने खमतराई मागे पडली की भनपुरी लागते. एकेकाळी हे खेडे होते. आता रस्त्याच्या दोन्ही अंगांना मालमोटारींच्या रांगा, वाहतूकवाल्यांच्या पेढ्या, टायर दुरुस्त करणारांची खोपटी, आणि पलीकडे उरला व सिलतरा भागांतील लोखंडाच्या कारखान्यांची धुरांडी दिसतात. सकाळी दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यावर संध्याकाळपर्यंत काळी भुकटी बसते. येथील गृहिणी कपडे झटकल्याशिवाय घडी घालीत नाहीत.

तिचा जन्म येथलाच. वडील गोंदियाकडचे, एका रोलिंग मिलमध्ये कामाला लागले आणि येथेच राहिले. रायपूरचे मराठीपण म्हटले की जाणत्यांना तात्यापारा आठवतो, महाराष्ट्र मंडळ आठवते, वकील, कारकून आणि शिक्षक यांची जुनी घराणी आठवतात. नागपूर आणि रायपूर १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होते, आणि त्या प्रांताच्या कचेऱ्यांबरोबर ही घराणी येथे रुजली. भनपुरीच्या दोन खोल्यांतील मराठीपण निराळे. त्याला ना वाडा, ना गणेशोत्सवातली व्याख्याने. ते चुलीपाशी आणि आईच्या रागावण्यात तेवढे शिल्लक राहिले होते. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकले की गल्लीतली छत्तीसगढी, आणि शाळेत हिंदी. तिला तिन्ही येत होत्या आणि त्यात काही विशेष आहे असे तिला कधी वाटले नव्हते.

बी. एससी. झाली, मग बी. एड. झाले. त्यासाठी वडिलांनी मिलमधून उचल घेतली होती. ती फेडायची तर नोकरी हवी आणि नोकरी म्हणजे शिक्षिकेचीच, याविषयी घरात दुमत नव्हते. चौकातल्या दुकानात तिने आपली माहिती टंकून घेतली तेव्हा टंकणाऱ्या मुलाने सल्ला दिला, की भाषांच्या रकान्यात हिंदी आणि इंग्रजी एवढेच असू द्यावे, छत्तीसगढी लिहिली तर शाळावाले हसतील. मराठीही गाळली, ती येथे कोणाच्या उपयोगाची?

मग पायपीट सुरू झाली. खाजगी शाळांची या भागात वाण नाही. खाली सिमेंटचे दुकान आणि वर इंग्रजी माध्यमाची पाटी, अशाही शाळा तिने पाहिल्या. कुठे पहारेकऱ्यानेच अर्ज ठेवून घेतला, कुठे ‘अनुभव किती?’ या प्रश्नावर बोलणे संपले. पहिली नोकरी मागणाऱ्याला हा प्रश्न विचारणे म्हणजे पोहता येत नाही म्हणून विहिरीत उतरू न देणे होय. परंतु तो प्रश्न विचारणारांना त्यात विसंगती दिसत नाही.

अखेर एका शाळेचे बोलावणे आले. आईने पेटीतली एकुलती एक चांगली साडी काढून दिली. खोलीत तिघे होते: मुख्याध्यापिका, एक वयस्क गृहस्थ, आणि शाळेचे मालक, ज्यांचा मूळ धंदा मालवाहतुकीचा होता. स्वतःविषयी इंग्रजीत बोला, असे सांगण्यात आले. ती पाठ करून गेली होती तेवढे बोलली. लग्न ठरले आहे काय, ठरल्यास नोकरी सोडाल काय, असे प्रश्न झाले. मुलांना कसे शिकवाल, हे मात्र कोणीच विचारले नाही. त्यासाठी पाचवीच्या वर्गात नमुन्याचा पाठ घ्यायचा होता.

विषय अपूर्णांकांचा, आणि अट अशी की इंग्रजीखेरीज शब्द उच्चारायचा नाही. फळ्यावर तिने वर्तुळ काढले, त्याचे चार भाग केले. चाळीस डोळे तिच्याकडे पाहत होते, पण ते पाहणे समजुतीचे नव्हते. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा शेजाऱ्याला छत्तीसगढीत हळूच म्हणाला की बाई काय म्हणतात ते काही कळत नाही. तिला ते ऐकू आले. क्षणभर ती थांबली आणि त्याच बोलीत तिने त्याला विचारले, की आईने अंगाकर रोटी केली आणि तुम्ही भावंडे चार, तर तुझ्या वाट्याला किती येईल? अंगाकर म्हणजे तांदळाच्या पिठाची, निखाऱ्यावर भाजलेली जाड भाकरी; ती एकेकट्याने खायची नसते, वाटूनच खायची असते. वर्ग एकदम जागा झाला. एका मुलीने तर सांगितले, की धाकट्याला नेहमी थोडी जास्त मिळते, तेव्हा चारही वाटे सारखे होतच नाहीत. अपूर्णांकाची व्याख्या याहून चोख कोणत्या पुस्तकात असेल? मागे उभ्या असलेल्या मुख्याध्यापिका हसल्या. मालकांनी कागदावर काहीतरी लिहिले.

‘कळवू’ असे त्यांनी सांगितले, आणि कळवले नाही.

छत्तीसगढच्या शिक्षकीच्या इतिहासात मराठी माणसाच्या पहिल्या नोकरीची एक गोष्ट मात्र नीट नोंदलेली आहे. माधवराव सप्रे बी. ए. झाल्यावर सरकारी नोकरीच्या वाटेला न जाता पेंड्र्याच्या राजकुमाराला शिकवू लागले. पगार महिना ५० रुपये. त्यातून शिल्लक टाकून त्यांनी जानेवारी १९०० मध्ये तेथूनच ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. घरची भाषा मराठी, लेखणीची हिंदी. गजानन माधव मुक्तिबोधांचेही तेच. शाळा, वृत्तपत्र, आकाशवाणी असे फिरत फिरत १९५८ मध्ये ते राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापक झाले, तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती. या दोघांना दुसऱ्या भाषेत उभे राहून शिकवावे लागले, आणि त्यांनी ते कमीपणाचे मानले नाही. भनपुरीच्या मुलीला ही नावे शाळेच्या पुस्तकातून ठाऊक होती. ती माणसे आपल्यासारखी घरी मराठी बोलत, हे मात्र तिला कोणी सांगितले नव्हते.

२०२३ मध्ये राज्य सरकारने १२,४८९ शिक्षकपदांची जाहिरात काढली. त्यांतली ६,२८५ पदे सहायक शिक्षकांची. तिने अर्ज भरला. येथे मुलाखत नव्हतीच. उत्तरपत्रिकेवरची काळी केलेली वर्तुळे हीच मुलाखत. माणसाचे तोंड न पाहता त्याची निवड करणे हे एका परीने क्रूर, पण साडी, इंग्रजी आणि वशिला यांची तेथे मात्रा चालत नाही हेही खरे. ती उत्तीर्ण झाली आणि बस्तरमधल्या एका प्राथमिक शाळेत रुजू झाली.

पहिल्या दिवशी तिने मुलांना नावे विचारली. भनपुरीची मुले ‘मोर नाव’ म्हणतात. येथे एक मुलगी उठून म्हणाली, ‘मोचो नाव...’ आणि पुढचे नाव तिला ऐकूच आले नाही. तो ‘चो’ तिच्या घरातला होता. हलबीचा षष्ठीचा हा प्रत्यय आपल्या ‘चा’चा सख्खा भाऊ शोभावा असा आहे. ग्रिअर्सनने भारतीय भाषांच्या पाहणीत हलबीला मराठीच्या खंडात जागा दिली, त्यामागे असलीच कारणे होती. तिला ग्रिअर्सन ठाऊक नव्हता. तिला एवढेच कळले, की या मुलांचे बोलणे आपल्याला निम्मेअधिक समजते आहे. महिन्याभरात ती त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलू लागली. त्या दिवशी फोनवर आईला तिने सांगितले, ‘आई, इथली पोरं तुझ्यासारखीच बोलतात.’ आईला ते पटले नाही.

नोकरी टिकली नाही. प्राथमिक वर्गांसाठी बी. एड. ही पात्रता ग्राह्य नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी दिलेला होता. त्यानंतर झालेल्या या नेमणुका २०२४ च्या एप्रिलमध्ये बिलासपूरच्या उच्च न्यायालयाने रद्द ठरवल्या आणि वर्ष संपता संपता सेवासमाप्तीचे आदेश निघाले. लहान मुलांना शिकवण्याचे शास्त्र वेगळे आहे आणि त्याची पदविकाही वेगळी आहे, हा न्यायालयाचा मुद्दा खोटा नव्हे. पण ज्यांनी जाहिरात वाचून अर्ज केला, परीक्षा दिली आणि वर्षभर वर्ग सांभाळला, त्यांनी नेमके काय चुकवले, याचे उत्तर कोणत्याही आदेशात नव्हते. नव्या रायपूरजवळ तूताच्या मैदानावर ती इतरांबरोबर धरण्याला बसली. वडील मिलची पाळी संपवून डबा घेऊन येत आणि काही न बोलता शेजारी बसून राहत.

२०२५ च्या एप्रिलअखेरीस मंत्रिमंडळाने अशा २,६२१ जणांना विज्ञान प्रयोगशाळेच्या सहायक शिक्षकांच्या पदांवर सामावून घेण्याचे ठरवले. वडिलांनी बातमी दोनदा वाचली आणि वर्तमानपत्राची घडी घालून देवापुढे ठेवली.

त्या संध्याकाळी तिने कागदपत्रांची फाइल काढली. गुणपत्रिकांच्या तळाशी पहिल्या मुलाखतीच्या वेळी टंकून घेतलेली माहितीची एक प्रत सापडली. भाषांच्या रकान्यात दोनच शब्द होते. तिने पेन घेऊन त्यांच्यापुढे मराठी आणि छत्तीसगढी लिहिले, जरा थांबून हलबीही लिहिले. रकाना लहान होता. शेवटचा शब्द समासात गेला. आई दोरीवरचे कपडे झटकीत होती, आणि गल्लीतली दोन मुले पाटी घेऊन दाराशी येऊन उभी होती.