हीथक्लिफला आडनाव का नाही?

आमच्या विहारात दर रविवारी त्रिसरण-पंचशील झाल्यावर त्याच सतरंजीवर वाचनवर्ग भरतो. गेल्या महिन्यात वस्तीतली, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला इंग्रजी घेतलेली एक मुलगी 'वदरिंग हाइट्स' घेऊन आली. कादंबरी कोरी होती, गाईड मात्र वापरून चुरगळलेलं. गाईडमध्ये एकच गोष्ट चार ठिकाणी लिहिली होती : ही अमर प्रेमकहाणी आहे.

एक ज्येष्ठ कार्यकर्ते काका म्हणाले, "इंग्रजांची प्रेमप्रकरणं विहारात कशाला?" प्रश्न वाजवी होता. आमचंही शिक्षण समाजशास्त्राचं, या पुस्तकाच्या वाटेला आम्ही कधी गेलो नव्हतो. तरी वाचायला घेतलं.

एमिली ब्राँटेने ही कादंबरी १८४७ साली एलिस बेल या नावाने छापली, कारण बाईच्या नावाचं पुस्तक कोणत्या नजरेने वाचलं जाईल हे तिला आणि तिच्या बहिणींना ठाऊक होतं. त्यात अर्नशॉ नावाचे गृहस्थ लिव्हरपूलच्या रस्त्यावरचं एक बेवारस पोर घरी आणतात. पोर काळंसावळं, त्याची भाषा कुणाला कळत नाही. घरातली मुलं त्याला आपल्याजवळ झोपू देत नाहीत आणि मोलकरीण त्याला जिन्यावर ठेवून देते. मेलेल्या एका मुलाचं नाव त्याला देतात, नाव तेच आणि आडनावही तेच. शेजारचा श्रीमंत जमीनदार अंदाज करतो की हा लास्कर असेल. लास्कर म्हणजे हिंदुस्थानातून आणि आसपासच्या मुलखांतून गोऱ्यांच्या जहाजांवर नेलेला खलाशी. या शब्दावर मुलीने पेन्सिलीने खूण केली. गाईडमध्ये तो कुठेच नव्हता. कादंबरीतल्या त्या काळात लिव्हरपूल हे इंग्लंडमधलं गुलामांच्या व्यापाराचं सर्वांत मोठं बंदर होतं, हेही गाईडमध्ये नव्हतं.

तो नेमका कोण, हे ब्राँटे सांगत नाही. त्याचं काय केलं, हे मात्र नीट सांगते. अर्नशॉ मेल्यावर थोरला मुलगा हिंडली त्याचं शिक्षण बंद करतो आणि त्याला शेतावर जुंपतो. इथे आम्ही थोडा वेळ थांबलो. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

मग मोबाईलवर केट बुशचं याच नावाचं गाणं लावलं, १९७८चं. तेव्हा ती १९ वर्षांची होती. स्वतः लिहिलेलं गाणं गाऊन ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलेली ती पहिली बाई. मेलेली कॅथी खिडकीशी येऊन 'मला आत घे' म्हणते, असं ते गाणं. मुलींना आवडलं, आम्हालाही आवडलं. (काकांनी मान डोलावली नाही, पण उठूनही गेले नाहीत.) मात्र हीथक्लिफशी लग्न केलं तर आपण खालच्या पायरीवर येऊ, असं हीच कॅथी स्वयंपाकघरात म्हणाली होती आणि त्याने ते ऐकलं होतं. ते गाण्यात नाही. साडेचार मिनिटांत सगळं मावत नाही, हे मान्य. तरी जुन्या पुस्तकातून पुढच्यांनी काय उचललं, याचं राजकारण असतंच. प्रेम उचललं की जन्म मागे राहतो. आंतरजातीय प्रेमावरचे आपले कितीतरी सिनेमे आठवून पाहा.

तो मागे राहिलेला जन्म उचलला ग्वादलूपच्या मारीझ काँदे या कृष्णवर्णीय लेखिकेने. तिची १९९५ची फ्रेंच कादंबरी इंग्रजीत 'विंडवर्ड हाइट्स' या नावाने आली. तिने यॉर्कशायरच्या माळरानावरची गोष्ट कॅरिबियन बेटावर नेली. फ्रेंच वसाहतींत गुलामगिरी १८४८ला कायद्याने संपली होती, पण उसाचे मळे होते आणि रंगाची उतरंडही होती. तिचा हीथक्लिफ म्हणजे राझ्ये, काळा. कॅथी मिश्र रक्ताची, आणि ती लग्न करते गोऱ्या मळेवाल्याशी. 'खालची पायरी' म्हणजे काय ते इथे उघड दिसतं. ब्राँटेची मोलकरीण बहुतेक सगळी गोष्ट सांगते, पण मालकांची. काँदेच्या मोलकरणी आणि मासेवाल्या स्वतःची गोष्ट सांगतात. त्यांत एक भारतीय वंशाचीही आहे, कारण गुलामी संपल्यावर मळ्यांवर हिंदुस्थानातले करारबद्ध मजूर नेले गेले होते.

काकांना आम्ही सांगितलं, बाबासाहेबांनी १९४६ला ड्यू बॉईस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या निवेदनाच्या प्रती मागवल्या होत्या. मग विहारात हे का नको? आणि त्या भरात बोलून गेलो, "हीथक्लिफ आपलाच आहे."

"ताई, आपला कसा?" मुलगी म्हणाली. "त्याने हेअर्टनला शिकू दिलं का?"

हेअर्टन हा हिंडलीचा मुलगा. हीथक्लिफ घराचा मालक होतो तेव्हा या पोराला मुद्दाम निरक्षर ठेवतो आणि त्याच्याच घरात गड्यासारखा राबवतो. स्वतःचं जे हिरावलं गेलं तेच तो दुसऱ्याचं हिरावतो. काँदेचा राझ्येही सूड घेतो, आणि बायकोला छळतो. आम्ही गप्प झालो. रंग बघितला, जिना बघितला आणि लगेच 'आपला' म्हणून मोकळे झालो होतो. हेअर्टनच्या हातातलं पुस्तक आम्हाला दिसलंच नाही. तिला दिसलं, कारण तिच्या घरात शाळा सुटलेले दोन भाऊ आहेत.

वर्ग संपताना तिने विचारलं, "पेपरात काय लिहू? गाईडमधलं लिहिलं तर मार्क नक्की आहेत."

आमच्यात दोन तट पडले. काका म्हणाले, "आधी पास हो, मग भांडू." आम्ही म्हणालो, लास्कर लिही, लिव्हरपूल लिही, हेअर्टन लिही. मार्क मात्र तिचे जाणार होते, आमचे नाही, म्हणून जास्त रेटलं नाही. तिने दोघांचं ऐकून घेतलं, काँदेचं पुस्तक झेरॉक्सला मागून घेतलं आणि गाईडही पिशवीत टाकलं. पेपर पुढच्या गुरुवारी आहे.