हायब्रीड म्हणजे काय?

शेतकरी बंधुभगिनींनो, आपल्या बोलीत ‘हायब्रीड’इतका रुळलेला इंग्रजी शब्द क्वचितच सापडेल. १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली आणि लोकांनी तिचे नावच हायब्रीड ठेवले. भाकरीला जुनी गोडी नाही, म्हणून पुढे नाजूक पोरांनाही ‘हायब्रीड’ म्हणू लागले!

या शब्दाचे मूळ मात्र धान्यात नाही, डुकरात आहे. प्राचीन रोमन लोक पाळीव डुकरीण आणि रानडुक्कर यांच्या पिलाला लॅटिन भाषेत ‘हिब्रिडा’ म्हणत. तोच शब्द इंग्रजीत गेला आणि पुढे पिकांनाही लागला. अर्थ एकच, वेगवेगळ्या जातींच्या आईबापांचे लेकरू.

हा अर्थ ध्यानात धरा, कारण त्यात तुमचा पैसा आहे. “साहेब, पीक झकास आलंय, यातलंच बी ठेवू का?” हा प्रश्न तीस वर्षांच्या नोकरीत मला गावोगाव ऐकावा लागला. माझे उत्तर ठरलेले. संकराचा खरा जोम पहिल्याच पिढीत असतो. त्या पिकाचे बी पुन्हा पेरले की आईबापांचे गुण विखुरतात. एक ताट उंच, एक ठेंगणे. कणसे मागेपुढे निसवतात आणि उतारा घटतो.

मालदांडीसारख्या सरळ वाणाचे बी मात्र निवडून खुशाल घरी ठेवा. म्हणून पिशवी घेताना ‘संकरित’ की ‘सुधारित’ हे आधी वाचा. चष्मा घरी राहिला असेल, तर दुकानातच कुणाकडून वाचून घ्या.