एकास आठ

वऱ्हाडातल्या पोराच्या हाती पहिलं वाहन येतं ते लाकडाचा बैल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, चाकांवर उभा केलेला नंदी दोरीने ओढत घरोघर जायचं आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, घ्यायचा. चांदूर बाजारात आम्ही पोरं आपापला नंदी सजवायला आठवडाआधीच बसायचो. वेसण, मठाटी, घुंगरू, शिंगांना बेगड. माझ्या नंदीची झूल आईने जुन्या साडीच्या काठातून शिवली होती. झूल देखणी होती, पण काठावरची एकच कोयरी नंदीची अर्धी पाठ व्यापून बसायची. खऱ्या बैलाच्या झुलीवर एवढी मोठी कोयरी कुठे असते? मी हट्टाने ती झूल काढायला लावली आणि बारीक ठिपक्यांचं कापड घ्यायला लावलं. घरच्यांनी त्याला नखरे म्हटलं. प्रमाण नावाचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते तेव्हाच.

नंदीनंतर तारेची गाडी आली. झिजलेल्या स्लिपरची चाकं आणि वर लांब तारेचं स्टेअरिंग. गावात तेव्हा संत्र्याच्या बगीच्यांत फिरणाऱ्या जीप होत्या, एखादी अॅम्बेसेडर होती आणि एका डॉक्टरांची फियाट होती. फियाट दवाखान्यासमोर उभी असली की मी शाळेला उशीर करायचो. मागच्या बाजूला पंखांसारखी जराशी उचललेली टोकं, पुढच्या दारांना तिकोनी काच, स्टेअरिंगलाच लावलेला गिअर. वहीच्या मागच्या पानांवर मी ती किती वेळा काढली असेल, पण टपाचा उतार काही जमायचा नाही. चित्र समोरून किंवा बाजूने निघतं. गाडी मात्र सगळीकडून गाडी असावी लागते.

शाळेत चित्रकला शिकवायला लागलो, त्यानंतर मस्कतला नोकरी करणाऱ्या आतेभावाने एक खोका आणला. तेव्हा परदेशी खेळणी इथल्या दुकानांत सहज मिळत नसत. आयातीवरचे निर्बंध पूर्ण उठायला २००१ साल उजाडावं लागलं. खोक्यात एअरफिक्सची १९३० सालची बेंटली होती, एकास बारा प्रमाणातली. प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले सुटे भाग, जाडजूड माहितीपत्रक आणि आकड्यांप्रमाणे जोडत जायचं. भाग चौकटीतून कापायचा, कापल्याची खूण कानशीने घासायची, कोरडा बसवून बघायचा, मगच डिंक. शाळा सुटल्यावर जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग माझा झाला आणि उरलेल्या अर्ध्यात घरातली सगळी जेवू लागली.

या छंदात प्रमाण ठरलं की शिस्तही ठरते. एकास त्रेचाळीसची गाडी तळहातावर मावते. तिच्या दाराची मूठ म्हणजे एक टिंब, आणि तेवढ्यावर नजर समाधान मानते. एकास आठला तसं भागत नाही. चार मीटरांची गाडी अर्ध्या मीटरची होते आणि तिच्या इंजिनातली प्लगची वायरसुद्धा नजरेत येते. मूठ फिरायला हवी, बॉनेट उघडायला हवं, उघडलं की आत काहीतरी असायला हवं. मोठ्या प्रमाणात लपायला जागा नसते.

या खेळातलं मोठं घराणं इटलीतल्या तुरिनचं, पोकेर. फियाट कंपनीचं गावही तेच. पोकेरने एकास आठच्या जुन्या गाड्या काढायला सुरुवात केली ती १९०७ सालच्या फियाटच्या शर्यतीच्या गाडीपासून. फेलिचे नाझारोने फ्रान्सची ग्रां प्री जिंकली, तीच ही १३० अश्वशक्तीची गाडी. पुढे त्यांची रोल्स रॉइस फँटम आली, दोन हजारांवर सुट्या भागांची. तिच्या चाकांत तारेची एकेक आरी आपण ओवायची. सायकल दुरुस्त करणारा जसं चाक आवळतो तसंच आवळायचं, फक्त बोटांऐवजी चिमट्याने.

जपानच्या शिझुओकातल्या तामिया कंपनीची गोष्ट मला त्याहून भावते. १९७६ साली त्यांनी एकास बाराची पोर्शे ९३४ काढली. त्याआधी मालकांनी खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि माप घ्यायचं म्हणून ती नट-बोल्टपर्यंत सोडवली. हे वाचलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. किट म्हणजे दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या देशात, आपल्या आवडीची गाडी मोजून ठेवलेली असते. आपण ती फक्त जोडतो. बेंटली मी चांदूर बाजारात कधी पाहिली नव्हती आणि पाहणारही नव्हतो. जिच्यामुळे मी शाळेला उशीर केला, ती फियाट एकास आठमध्ये मला कुठल्याच दुकानात मिळाली नाही.

ही फियाट आपलीच. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडू लागल्या. आधीची गोल पाठीची, पुढची दारं उलटी उघडणारी ‘डुक्कर फियाट’, मग १९६४ची डिलाइट, तीच पुढे १९७४पासून पद्मिनी. नोंदणी करून लोक वर्षानुवर्षं वाट बघत. एवढ्या घरांत नांदलेल्या गाडीची मापं कुणी सांभाळून ठेवली असतील, अशी माझी भाबडी समजूत होती.

परतवाडा रोडवरच्या एका गॅरेजमागे एक पद्मिनी भंगाराच्या गाडीची वाट बघत उभी होती. मी टेप, व्हर्नियर आणि शाळेची वही घेऊन गेलो. मिस्त्री बिडी विझवत म्हणाले, “सर, भंगारात जाऊन राहिली थे गाडी. माप कायले घेता तिचं?”

“म्हणूनच घेऊन राहिलो,” मी म्हणालो. त्यांनी डोकं हलवलं, पण टेपचं दुसरं टोक धरलं. पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर २३४० मिलिमीटर. आठाने भागलं की २९२ आणि वर अर्धा. रिम चौदा इंची, म्हणजे माझ्या गाडीला साडेचव्वेचाळीस मिलिमीटरला जरा कमी. टपाच्या उताराला सरळ माप नसतं. त्यासाठी पुठ्ठा धरून, कापून, पुन्हा धरून साचे काढले. लहानपणी जो उतार चित्रात येत नव्हता, तो त्या पुठ्ठ्यांत उतरला.

घडवताना गावच कामी आलं. शिवणीच्या लाकडातून सुताराने आणि मी मिळून अंगाचा साचा कोरला. त्यावर फायबरचे थर चढवले, मग खिडक्या-दारं कापली. रिम अमरावतीच्या लेथवाल्याने अॅल्युमिनियममधून काढून दिल्या. खरी कसोटी दाराच्या फटीची. खऱ्या गाडीत दार आणि अंग यांच्यात चारेक मिलिमीटरची फट असते, एकास आठला ती अर्ध्या मिलिमीटरची. जरा जास्त झाली की दार खेळण्याचं वाटतं, आणि कमी झाली की रंग लागल्यावर उघडतच नाही. लांबी भरायची, बाराशेच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासायची, ब्लेडच्या उलट्या बाजूने फट ओढून काढायची, आणि पुन्हा लांबी.

रंग हे तर वेगळंच प्रकरण. गाडी आठपट लहान होते, रंगाचा थर मात्र लहान होत नाही. मिस्त्री खऱ्या गाडीवर मारतात तसा ड्यूको मारला तर कडा बुजून जातात. थिनर जास्त घालून धुक्यासारखे हात द्यावे लागतात, तरी एखाद्या कोपऱ्यात संत्र्याच्या सालीसारखी खरखर उमटतेच. ती घासून रबिंग कंपाउंडने चमक आणायची. सीटला रेक्झिन चालत नाही, त्याचा दाणा फार मोठा दिसतो. आईच्या काठाच्या कोयरीसारखाच तो घोटाळा. त्याऐवजी पुस्तकं बांधायचं बारीक पोताचं कापड रंगवून घेतलं. दाराच्या कडेची क्रोमची पट्टी शेवटी चंदेरी बेगडीचीच झाली.

पुण्यात कोथरूडजवळ भाऊसाहेब जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे, १९९८पासून चालू. मुलगा पुण्यात शिकत असताना मी तिथे पुन्हा पुन्हा जायचो. एका माणसाने हौसेने उभं केलेलं ते रेल्वेचं गाव पाहून मला धीर आला. गंभीरपणे खेळणारी माणसं आपल्याकडेही आहेत. मोटारींसाठी तसं काही मला अजून भेटलेलं नाही.

३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी दिसायची बंद झाली. लोकांनी तिचे फोटो काढले, निरोप दिले, हळहळले. फोटोवरून मात्र दाराची रुंदी कळत नाही. माझ्याकडे आलेली शाळेची पोरं गाडीचं बॉनेट उघडतात, आत बघतात आणि विचारतात, “सर, याचं माप कुठून आणलं?” मी वही दाखवतो. एकाने परवा आजोबांच्या रेंगीची मापं घ्यायला घेतली आहेत. बैलांच्या शर्यतीतली ती हलकी गाडी आता फार घरांत उरलेली नाही.

तुमच्या गोठ्यात, वाड्यात, शेडमागे अशी एखादी रेंगी, जीप, राजदूत किंवा फियाट उभी असेल. ती ठेवायची की विकायची, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण विकण्याआधी एक टेप आणि एक वही घेऊन दुपारभर तिच्यापाशी बसा. दोन चाकांमधलं अंतर, उंची, दाराची रुंदी, टपाचा उतार, सगळं आकड्यांत लिहून ठेवा आणि पानावर तारीख घाला. पुढे कुणाला ती पुन्हा घडवायची असेल, तर त्याला हीच मापं लागतील.