भूतदया आणि आपलें अंगण

गृहस्थाश्रमी मनुष्यास शास्त्रकारांनीं जे पांच महायज्ञ सांगितले, त्यांत भूतयज्ञ हा एक आहे. आपण जेवावयास बसण्यापूर्वीं इतर जीवांसाठीं घास बाजूस काढावा, एवढाच त्याचा सोपा अर्थ. या पृथ्वीवर आपण एकटेच वांटेकरी नाहीं, हा त्यामागील भाव थोर आहे यांत शंका नाहीं. परंतु हल्लीं शहरांतील घरांशीं आणि आमच्यासारख्या खेड्यांतहि वानर, साप, क्वचित् बिबट्या दाराशीं येऊन ठाकतो, तेव्हां दया ती कोणती, असा प्रश्न पडतो. कोणी काठी उगारतो. कोणी हात जोडून केळीं पुढें करतो. कोणी म्हणतो, "पकडून दूर रानांत सोडा, म्हणजे त्याचेंहि बरें आणि आमचेंहि." हा तिसरा उपाय दिसावयास सर्वांत सात्त्विक, म्हणून आधीं त्याचाच विचार करूं.

पुणें जिल्ह्यांत जुन्नरकडे उसाच्या मळ्यांतून बिबटे वावरूं लागले, तेव्हां २००१ ते २००३ या काळांत त्यांस पिंजऱ्यांत धरून दूरच्या वनांत सोडण्यांत आलें. परिणाम मात्र उलटा झाला. विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी यांच्या अभ्यासांत असें दिसून आलें कीं, त्या भागांत माणसांवरील हल्ले पूर्वीं वर्षास सरासरी ४ होत, ते १७ वर गेले. जेथें पूर्वीं असे हल्ले होत नसत, अशाहि कांहीं ठिकाणीं बिबटे सोडल्यावर ते होऊं लागले. अनोळखी मुलुखांत टाकलेला प्राणी बिथरावा, यांत नवल तें काय? त्याचे प्राण घेतले नाहींत हें खरें. पण एका गांवचें संकट दुसऱ्या गांवच्या माथीं मारलें, एवढेंच त्यांतून निष्पन्न झालें.

याउलट मुंबईचें उदाहरण पाहावें. बोरिवलीचें संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारें १०४ चौरस किलोमीटरांचें, आणि त्यास लागूनच अफाट वस्ती. २००४ सालीं तेथें बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसें दगावलीं. पुढें २०११ पासून वनखातें, अभ्यासक आणि नागरिक यांनीं मिळून लोकशिक्षण आरंभिलें. शिकवण साधी होती. उकिरड्यावर कुत्रीं जमतात आणि कुत्र्यांमागें बिबट्या येतो. म्हणून कचरा वेळच्या वेळीं हलवावा. अंधारांत मुलांस एकटें सोडूं नये. बिबट्या दिसल्यास गर्दी करून त्याची वाट अडवूं नये. बिबट्या आहे तेथेंच राहिला. सुधारावयाचें होतें तें आपलें अंगण.

आमच्या साखऱ्यास प्रश्न आहे तो काळ्या तोंडाच्या वानरांचा. शनिवारीं मारुतीचें दर्शन झालें कीं भाविक मंडळी त्यांस चणे, केळीं, बिस्किटें घालतात. वास्तविक वानराचें पोट झाडपाल्यासाठीं घडलेलें, कप्प्याकप्प्यांचें. आपला गोडधोड खाऊ त्यास मानवत नाहीं. शिवाय माणसाच्या हातांत खाणें असतें हें तो शिकतो आणि एखाद्या म्हातारीच्या हातची पिशवी ओढतो. मग शनिवारीं ज्यास केळें दिलें, त्यासच सोमवारीं धोंडा बसतो! भूतयज्ञाचा बली ठेवून गृहस्थ बाजूस होत असे. कोणास हातावर खावयास शिकवीत नसे. हा भेद आपण विसरलों.

सापाची गोष्ट याहून कठीण. गेल्या श्रावणांत शेजारच्या घरीं धान्याच्या कणगीमागें साप निघाला. काठ्या जमल्या. घरांत रांगतें मूल होतें. मीं सर्वांस बाहेर थांबविलें आणि सर्पमित्रास बोलाविलें. त्यानें पाहिलें तों धामण. उंदीर खाणारी, निर्विष. तो तिला घेऊन गेल्यावर मुलाची आई मला म्हणाली, "गुरुजी, आज धामण होती. उद्यां मण्यार निघाली, तर माझ्या लेकराचें काय?"

प्रश्न रास्त होता. २००० ते २०१९ या काळांत आपल्या देशांत सर्पदंशानें वर्षास सरासरी ५८,००० माणसें मेलीं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. अशा आईस भूतदयेचें प्रवचन ऐकवून चालणार नाहीं. दुसऱ्या दिवशीं आम्हीं भिंतींतील उंदरांचीं बिळें बुजविलीं, सरपण भिंतीपासून दूर रचलें, आणि माय-लेकरांचें अंथरूण जमिनीवरून खाटेवर नेऊन मच्छरदाणी नीट खोंचून दिली. कारण मण्यार रात्रीं जमिनीवर निजलेल्या माणसाच्या अंथरुणांत शिरते. रात्रीं बाहेर जातांना बॅटरी घ्यावी, हेंहि बजाविलें. दंश झालाच तर जखम कापूं नये, आवळून बांधूं नये, मांत्रिकाकडे वेळ दवडूं नये; थेट सरकारी रुग्णालय गांठावें. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चौघांच्याहि विषावर एकच प्रतिविष तेथें देतात.

वन्य प्राण्यास मारणें वा परस्पर पकडणें १९७२ च्या कायद्यानें निषिद्ध आहे. प्रसंग पडल्यास वनखात्यास १९२६ या क्रमांकावर कळवावें. परंतु कायदा झाला तरी तो आपल्या भिंतीचें बीळ बुजवावयास येत नाहीं. तें काम घरच्या माणसांचें. आणि पावसाळ्यापूर्वीं एका रविवारीं तें उरकतां येतें.